बिनऔषधाचं मलम

कौशल्याबाईंच्या तोंडाबद्दल सोसायटीत पुष्कळ बोललं जायचं; हातांबद्दल मात्र कधी कुणी ब्र काढला नव्हता. चार मजल्यांवरची निम्मी मंडळी लहानपणी याच हातांखालून गेलेली. पायांवर आडवं घ्यायचं, कोमट तेलानं अंग चोळायचं, टाळू भरायची, नाक ओढून सरळ करायचं, मग कढत पाणी. आज लिफ्टमध्ये जो पोरगा कानांत गाण्याची बोंडं खुपसून, ओळख न दाखवता उभा राहतो, त्याचं नाक जन्मतः बसकं होतं. ते धारदार कुणी केलं हे तो विसरला. कौशल्याबाई विसरलेल्या नाहीत. लिफ्ट खाली येईपर्यंत त्या त्याच्या नाकाकडे मालकीण असल्यासारख्या बघत राहतात.

त्यामुळे नात भाग्यश्री गोड बातमी घेऊन धनकवडीला आली, कौशल्याबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, आणि ती पोरगी अगदी प्रेमानं म्हणाली, "आजी, केवढे खरखरीत झालेत गं हात. बाळाला लागतील," तेव्हा घरात कुणाला काही विशेष वाटलं नाही. सून पूर्णिमा चहा गाळत होती ती गाळत राहिली. नवरा उत्तरेश्वरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून खुर्चीत होते, ते खुर्चीत राहिले. कौशल्याबाई मात्र आत जाऊन दिव्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. तळव्यांना भेगा, पेरांवर खपल्या, अंगठ्याच्या मुळाशी लाल चट्टा. किसणी नुसती. पणतवंडाला न्हाऊ घालायचं ते किसणीनं.

इसब त्यांना नवं नव्हतं आणि कारणही ठाऊक होतं. त्या घरात भांड्याला बाई टिकत नसे, कारण बाईनं घासलेल्या ताटात कौशल्याबाईंना बाई दिसायची: इथं कड राहिली, तिथं साबण राहिला. म्हणून सगळी भांडी त्या स्वतः घासत, आणि तांब्याचा हंडा चिंच-मीठ लावून. समोरच्या दारातल्या चंपाबाईंचं दुखणं तेच, कारण तेवढं वेगळं. साथीच्या वर्षांत त्यांना हात धुवायचं जे खूळ लागलं ते साथ गेली तरी गेलं नाही. त्या कडी लावून हात धुवायच्या, हात धुऊन कडी लागली का बघायला जायच्या, आणि कडीला हात लागला म्हणून परत धुवायच्या.

बातमी चंपाबाईंनीच आणली. सातारा रस्त्यावरचे त्यांचे कातडीचे डॉक्टर हातांच्या इसबावरचं एक नवं मलम लोकांना लावून तपासणार होते आणि त्यांना माणसं हवी होती. कौशल्याबाई म्हणाल्या, आपण काय उंदीर आहोत का. मग त्यांना किसणी आठवली आणि त्या चपला घालून निघाल्या.

दवाखान्यात एका छोट्या खोलीत मैत्री नावाची मुलगी बसली होती. मलमाच्या कंपनीतली, मूळची नागपूरकडची, शांत बोलणारी. कौशल्याबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांना बारीक अक्षर लागत नाही, हे ओळखून तिनं अख्खं संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. साक्षीला एक परका माणूस बसवला. वाचता वाचता ती मध्येच थांबे आणि विचारी, आजी, कळलं ना? तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता हं, कारणसुद्धा द्यायचं नाही. कौशल्याबाई थक्क झाल्या. अडुसष्ट वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. लग्नात नाही, लग्नानंतर तर नाहीच. बोटभर मलमासाठी सरकार आपली परवानगी घेतंय म्हटल्यावर त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या.

पण खरा चमत्कार पुढं होता. मैत्रीनं सांगितलं की मलमात औषध म्हणजे चिमूटभर. बाकी सगळा बेस: मेण, तेल, पाणी, ते नासू न देणारं काही, दाट करणारं काही. यांना निष्क्रिय घटक म्हणतात, कारण रोगावर ते काही करत नाहीत. आता औषध कातडीत नीट उतरावं म्हणून कंपनीनं यातला एक घटक नेहमीपेक्षा बराच जास्त घातला होता. इतका तो आजवर कुणाच्या कातडीला लागलेला नव्हता. तेव्हा सरकार म्हणत होतं, तो काही करत नाही हे आधी सिद्ध करा. म्हणून ट्यूबा दोन तऱ्हेच्या केलेल्या: एकीत औषधासकट मलम, दुसरीत तेच मलम, फक्त औषध नाही. कुणाला कुठली मिळाली हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना मैत्रीला.

"म्हणजे काही करत नाही, याचा पुरावा द्यायचा?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो आजी. आणि तो फार अवघड असतो."

कौशल्याबाईंनी दारातून बाहेर बघितलं. बाकावर उत्तरेश्वरराव पेपर वाचत बसले होते. त्यांच्याबाबतीत आपण हा पुरावा एका दुपारात गोळा करून देऊ, असं त्या म्हणाल्या, आणि खाली मान घालून, रेघ वर ओढत, सावकाश 'कौशल्या' अशी सही केली. चंपाबाईंची सही आधीच झाली होती.

आता त्या दोन घरांची रीत सांगायला हवी. तीस वर्षांत एका घरात जे आलं त्याचं निम्मं समोरच्या घरात गेल्यावाचून राहिलेलं नाही. मंडईतून आणलेले आंबे असोत की कात्रजच्या डेअरीचं श्रीखंड असो. एकीची पेटी आंबट निघाली तर दोन्ही पेट्या एकत्र करून परत वाटायच्या, म्हणजे कुणाच्या नशिबी सगळं आंबट नको. मग ट्यूबांचं काय? एक खरी, एक पोकळ, असं होऊ शकत होतं. खरी चंपाबाईंना मिळाली असेल हे कौशल्याबाईंना सोसेना, कौशल्याबाईंना मिळाली असेल हे चंपाबाईंना सोसेना, आणि दोघीही या भावनेला न्याय म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही ट्यूबा स्टीलच्या वाटीत पिळल्या, चमच्यानं एकजीव कालवल्या आणि मुरांब्याच्या दोन रिकाम्या बरण्यांत निम्म्या निम्म्या भरल्या. मलम दुसऱ्या कुणाला देऊ नका, हे मैत्रीनं वाचून दाखवलं होतंच. पण चंपाबाई म्हणजे दुसरं कुणी, किंवा कौशल्याबाई म्हणजे दुसरं कुणी, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या खेपेला मैत्रीनं रिकाम्या ट्यूबा वजन करून घेतल्या. रोज लावलं का? लावलं. सगळं वापरलं? सगळं. दुसरं काही लावलं नाही ना? छे. एवढ्या नेमानं वापरणारं या अभ्यासात दुसरं कुणी नाही, असं ती म्हणाली, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे शाबासकीनं बघितलं आणि घरी येऊन नव्या ट्यूबा वाटीत पिळल्या.

हात सुधारले. आधी खाज गेली, मग भेगा मिटल्या, आणि एक दिवस कौशल्याबाईंच्या रेशमी साडीच्या पदरात बोट अडकलं नाही. भाग्यश्री आली तेव्हा त्यांनी मुद्दाम दोन्ही गाल कुरवाळले आणि वाट बघत उभ्या राहिल्या. पोरगी म्हणाली, "अगं, लोणी झालंय." त्या दिवशी उत्तरेश्वररावांना न मागता दुसरा चहा मिळाला.

अभ्यास संपला, ट्यूबा बंद झाल्या, आणि काही आठवड्यांनी मैत्रीचा फोन आला. कबूल केल्याप्रमाणे ती सांगत होती: कौशल्याआजींच्या ट्यूबांत औषध नव्हतं, चंपाआजींच्या ट्यूबांत होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली. खालच्या मजल्यावरचे धोंडिबाकाका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना वैद्यकशास्त्रही येतं. ते म्हणाले, हा मनाचा खेळ. श्रद्धा असली की राखेनंही बरं वाटतं. कौशल्याबाई म्हणाल्या, भेग माझ्या अंगठ्याला होती, मनाला नव्हती. दुसऱ्या मजल्यावरून कुणी गोमूत्र सुचवलं, कुणी ताक. सोसायटीच्या ग्रुपवर एकानं हात जोडल्याचं चित्र टाकून 'इच्छाशक्तीला सलाम' लिहिलं, ते पूर्णिमानं वाचून दाखवलं आणि मग वाचून दाखवल्याचा पश्चात्ताप केला. पण सगळ्यांत वाईट वागल्या चंपाबाई. "कौशल्याबाई, तुमचे हात माझ्या औषधानं बरे झाले," त्या म्हणाल्या, "पण मी ते कुठं बोलून दाखवायची नाही." आणि ते बोलून दाखवणार नाही, असं त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं.

उपकाराखाली राहायची कौशल्याबाईंना सवय नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं सिद्धांत मांडला: औषध चिमूटभर, ते एवढ्या मलमात कुठल्या कुठं गेलं असेल, हात मऊ केले ते बेसनं, आणि नुसता बेस होता तो आपल्या ट्यूबमध्ये. म्हणजे उलट चंपाबाईच आपल्या मलमानं बऱ्या झाल्या. चंपाबाईंच्या ट्यूबमध्येही तोच बेस होता, हा मुद्दा त्यांनी वादात घेतला नाही.

तेवढ्यात बरण्या संपल्या. आठ दिवसांत खाज परत आली आणि पंधरवड्यात अंगठा पुन्हा चिरला. भाग्यश्रीला सातवा सरून आठवा लागला होता. आता कौशल्याबाईंना एकच गोष्ट हवी होती: ज्यात काही नाही अशी ट्यूब.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. औषध असलेली मलमं त्याच्याकडे दोनशे तऱ्हेची होती. औषध नसलेलं हवं असेल तर आजी, दुकानच चुकलं, असं तो म्हणाला. मग त्या रिक्षा करून औषधांच्या सरकारी कार्यालयात गेल्या. सोबत उत्तरेश्वरराव होते, ते बाक बघून बसले. पहिल्या टेबलानं विचारलं, औषध आहे का? नाही, तीच तर गंमत आहे. मग आमच्याकडे नाही, पलीकडच्या टेबलाला विचारा. पलीकडच्या टेबलानं विचारलं, सौंदर्यप्रसाधन का? कौशल्याबाईंनी त्याला आपल्या तोंडाकडे नीट बघायला सांगितलं. त्यानं बघितलं आणि तिसरं टेबल दाखवलं. तिसऱ्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. पहिल्यांदा जेवायला गेला होता, मग जेवून आला नव्हता, मग आला होता पण टेबल बदललं होतं.

अखेर अस्मिता नावाच्या अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. या बाई हसल्या नाहीत, हे कौशल्याबाईंनी लगेच त्यांच्या खात्यावर जमा केलं. अस्मिताबाईंनी सांगितलं की अशा घटकाला एकट्याला परवानगी मिळतच नाही. तो ज्या औषधात घातलाय त्या औषधाबरोबर, त्या प्रमाणात, त्या कामासाठी, मिळून मान्यता. कौशल्याबाईंना हे लगेच समजलं. चंपाबाईंची जाऊ अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर राहायची; नवरा आहे तोवर ती आहे, एकटीनं तिला दुकानात कामाला उभं राहायचीही सोय नव्हती. "तशीच ही ट्यूब," त्या म्हणाल्या. अस्मिताबाई थोडा विचार करून म्हणाल्या, बरीचशी तशीच.

मग त्यांनी संगणकाचा पडदा वळवून एक यादी दाखवली. अमेरिकेच्या सरकारची होती. ओळीखाली ओळ, संपतच नव्हती. आणि त्यातलं एकही नाव औषधाचं नव्हतं. सगळे काही न करणारे. मेण, तेलं, गोंद, रंग, वास. आणि प्रत्येकापुढं लिहिलेलं: कातडीला लावायच्या औषधात आजवर हा एवढा चालला, डोळ्यात घालायच्या औषधात एवढाच, नाकात अमुक. तोच पदार्थ, पण डोळ्याचं माप वेगळं आणि तळपायाचं वेगळं. त्याहून जास्त घालायचं असेल तर पुरावा आणा.

"एवढं सगळं त्या काही न करणाऱ्यांसाठी?"

"काही न करणारं काय करून जाईल सांगता येत नाही, आजी."

कौशल्याबाईंनी पदर सारखा केला, आणि तो आदरानं केला. त्यांच्या स्वैपाकघरात हेच तर चालायचं. हिंगानं कुणाचं पोट भरत नाही. पण आमटीला किती, ताकाला किती आणि बाळंतिणीच्या पानात किती, यावरून त्यांनी सुनेला दहा वर्षं सळो की पळो केलं होतं, आणि पूर्णिमा त्याला जाच म्हणत होती. इथं साता समुद्रांपलीकडे एक अख्खं सरकार बसून तोच जाच करत होतं, तोही यादी करून. सासूचं डोकं असलेली कचेरी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. जाताना त्यांनी त्या पडद्याला वाकून नमस्कार केला. अस्मिताबाईंना तो आपल्याला वाटला. त्या उठून उभ्या राहिल्या.

ट्यूब मात्र मिळाली नव्हती. संमतीपत्राच्या प्रतीवर कंपनीचा पत्ता होता, खडकवासल्याच्या रस्त्याला. कौशल्याबाई निघाल्या तर समोरचं दार उघडून चंपाबाईही निघाल्या. औषधाची बाजू मांडायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. रिक्षात दोघी दोन बाजूंना बाहेर बघत बसल्या.

फाटकावरच्या रखवालदारानं कुणाला भेटायचं विचारलं. ज्यात काही नाही ते बनवतात त्यांना, असं ऐकल्यावर त्यानं मैत्रीला फोन केला. ती धावत आली, आणि आश्चर्य म्हणजे तिला आनंद झाला. साहेबांना तुम्हाला भेटायचंच होतं आजी, म्हणाली. दोघींच्या डोक्यांवर कागदी टोप्या आणि चपलांवर पिशव्या चढल्या, आणि जाता जाता तिनं काचेपलीकडं बघू दिलं. गावजेवणाला लागावं तेवढं भांडं, चकचकीत, आणि त्यात पांढरंशुभ्र मलम आपल्याशीच फिरत होतं. माणसं पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. एक मुलगी दर थोड्या वेळानं काट्याकडे बघून काहीतरी लिहीत होती. त्या भांड्याला कड नव्हती, डाग नव्हता, साबणाचा माग नव्हता. कौशल्याबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. भांडी घासायला येणाऱ्या बाईत जे त्यांनी आयुष्यभर शोधलं, ते इथं होतं.

मैत्रीचे साहेब अभिनव म्हणजे तिशी-पस्तिशीतला माणूस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. सरकारपुढं कागद मांडायचं काम त्याचं. त्यानं दोघींना मोठ्या टेबलाशी, ऑफिसातल्या आणखी दोघातिघांसमोर बसवलं आणि चहा मागवला. मग तो कौशल्याबाईंना म्हणाला, "आजी, तुम्ही बऱ्या झालात, हीच आमची अडचण आहे."

असं स्वागत त्यांचं कुठं झालं नव्हतं. त्यानं समजावून सांगितलं: बिनऔषधाच्या गटात सगळ्यांत जास्त फरक पडला तो त्यांच्या हातांना. आता सरकार विचारतंय, जे काही करत नाही म्हणता, त्यानं ही बाई बरी कशी झाली? एक तर तो घटक निष्क्रिय नाही, नाही तर औषधाला अर्थ नाही. दोन्हीकडून मरण. गेले कित्येक दिवस इथली पाच-सहा माणसं फक्त त्यांच्या अंगठ्याचा विचार करत होती.

कौशल्याबाईंनी चंपाबाईंकडे वळून बघितलं. असं बघायचा योग आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. "ऐका," त्या म्हणाल्या, "माझ्या ट्यूबचा गुण आहे हा. सरकार म्हणतंय."

"काय बाई बोलता," चंपाबाई म्हणाल्या. "निम्मं तर माझं होतं."

"निम्मं तुमचं आणि निम्मं माझं. पण मऊपणा माझ्यातला."

अभिनवनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "निम्मं म्हणजे?"

"निम्मं म्हणजे निम्मं," कौशल्याबाई म्हणाल्या. "दोन्ही ट्यूबा वाटीत पिळायच्या, कालवायच्या आणि वाटून घ्यायच्या. एकीला खरं आणि एकीला पोकळ, असं आमच्यात चालत नाही."

वातानुकूलन यंत्राचा आवाज तोवर येत नव्हता, तो यायला लागला. मैत्रीनं हळूच विचारलं, "प्रत्येक वेळी?" तर चंपाबाई जरा दुखावून म्हणाल्या, म्हणजे काय, एकदा वाटून घ्यायचं आणि एकदा नाही, अशा आम्ही वाटलो का तुला? एक बाई उठून दार लावून आली. अभिनवनं पेन खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. कौशल्याबाईंना वाटलं रडतोय. तो हसत होता.

आपल्या हातून काहीतरी मोठं घडलंय, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या लगेच म्हणाल्या की या पोरीला बोल लावायचा नाही, तिनं सगळं वाचून दाखवलं होतं. अभिनव म्हणाला, कुणाला बोल लावायचा नाहीये, पण लिहावं लागेल. जसं घडलं तसं. दोन शेजारणींनी दोन्ही ट्यूबा कालवून निम्म्या निम्म्या घेतल्या, म्हणून दोघींचा हिशेब बाजूला ठेवला. ते इंग्रजीत होऊन समितीकडं जाईल, दिल्लीला जाईल. वाटी आणि चमच्यासकट जाईल का, असं चंपाबाईंनी विचारलं. हो, म्हणाला, वाटीसुद्धा. कौशल्याबाईंनी विचारलं, नावं? नावं नाही, फक्त नंबर. हे त्यांना विशेष आवडलं नाही.

मग त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. झालं ते झालं, त्या म्हणाल्या, आता मला एक ट्यूब द्या, बिनऔषधाची. नातीला दिवस भरत आलेत. माझे हात असे, आणि बाळाला तेल मी लावते.

अभिनवचं हसू थांबलं. बाळाला तेल लावायच्या हातांना, असं त्यानं पुन्हा विचारून घेतलं. मग खुर्ची ओढून तो त्यांच्यासमोर बसला. बाळाची कातडी पातळ असते, म्हणाला. तुमच्या हाताचं तिच्यात उतरणार. ते मूठ तोंडात घालणार, म्हणजे पोटात जाणार. हा घटक मोठ्यांच्या हातांवर बघितलाय, तोही तुम्ही सोडून.

"म्हणजे बाळाला वाईट?"

"माहीत नाही, आजी."

"मग चालेल?"

"तेही माहीत नाही. अजून कुणी बघितलेलं नाही. बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

कौशल्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढं ऑफिस, एवढं भांडं, भिंतीवर एवढ्या पदव्या, आणि हा माणूस चारचौघांत, स्वतःच्या हाताखालच्या मुलीसमोर सांगत होता की माहीत नाही. त्यांचा जन्म पुण्यात गेला. हे शब्द त्यांनी या गावात ऐकलेले नव्हते. मंडईत पत्ता विचारला तर ज्याला ठाऊक नाही तोही दोन रस्ते सांगतो, आणि एवढंही माहीत नाही का, असं वर विचारतो. धोंडिबाकाकांना मन माहीत होतं, दुसऱ्या मजल्याला ताक माहीत होतं, त्यांना स्वतःला तर सगळंच माहीत होतं. ज्या बाळाचा अजून चेहरा कुणी बघितला नव्हता, त्याची मूठ तोंडात जाईल हे मात्र त्यांच्याआधी या परक्या माणसाच्या ध्यानात आलं. परतीच्या वाटेवर रिक्षात चंपाबाई दोनदा म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? कारण सिंहगड रस्ता संपला तरी कौशल्याबाईंनी कुणाला नावं ठेवली नव्हती.

डॉक्टरांनी दोघींना साधं व्हॅसलीन सांगितलं, आणि कौशल्याबाईंनी हात भांड्यांच्या पाण्यात घालायचे नाहीत, चंपाबाईंनी सारखे धुवायचे नाहीत, म्हणून बजावलं. इतका सोपा उपाय हा कौशल्याबाईंना अपमानच वाटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घासणी उचलली, उत्तरेश्वररावांच्या मांडीवरचा पेपर बाजूला केला आणि ती तिथं ठेवली. त्यांनी घासलेलं पहिलं ताट बघताना कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

बाळ ठरल्या तारखेच्या आधीच आलं. मुलगी. घरी आणली तेव्हा कौशल्याबाईंचे हात अर्ध्यावर आले होते: भेगा मिटलेल्या, पण पेरं अजून खरखरीत. त्यांनी आपली करंगळी बाळाच्या पायावरून अलगद फिरवली. पाय आक्रसला. त्यांनी परत फिरवली नाही.

चंपाबाईंचे हात मात्र लोण्यासारखे झाले होते, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकायची त्यांना वाईट खोड होती. कौशल्याबाई दाराबाहेर आल्या. मधला जिना म्हणजे चार पावलं. त्या दिवशी ती त्यांना बरीच वाटली. चंपाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्या त्यांच्या खांद्यावरून आत भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाल्या, "पणतीला तेल लावायचंय. येता का?"

चंपाबाईंनी टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त हात धुतले, एकदाच, आणि आल्या.

पाटावर चंपाबाई पाय लांब करून बसल्या, पायांवर बाळ, आणि शेजारी तेलाची वाटी घेऊन कौशल्याबाई. पाठीवरून खाली, वर नाही. दाबू नका, पोळी लाटताय का? आता पोट, नुसतं गोल. अहो, टाळूला बोटांची टोकं नाही, तळवा. चंपाबाई निमूट ऐकत होत्या, बाळ ओरडत होतं; मग बाळ ऐकायला लागलं. कौशल्याबाईंचा आवाज त्यांच्या नकळत खाली आला, अजून खाली आला, आणि शेवटी नुसतं गुणगुणल्यासारखं, हं, असं, हं, एवढंच उरलं. बाळाची मूठ तोंडाशी गेली, तिथंच सैल पडली. झोपलं.

भाग्यश्री पलंगावरून बघत होती. ती हळूच म्हणाली, "आजी, ही नेमकी कशानं झोपली गं? चंपाआजींच्या हातानं, तुझ्या बोलण्यानं, का तेलानं?"

चंपाबाईंनी कौशल्याबाईंकडे बघितलं. कौशल्याबाईंनी बाळाकडे बघितलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आत मोरीतला नळ बंद झाला. बोललं कोण ते बघायला उत्तरेश्वरराव फेसाळलेले हात पुढं धरून बाहेर आले होते.